समुद्राचा तळ उचलणाऱ्या रेगेबाई

आमच्या वास्तुशांतीच्या जेवणात रेगेबाईंनी ताटातली एक पुरणपोळी दुसरीच्या खाली सारायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या आईला वाटलं, पोळी बिघडलीय आणि बाई ती सभ्यपणे लपवतायत.

"नको असेल तर राहू द्या हो," आई हळूच म्हणाली.

"नको कशी? ही खालची अरबी समुद्राची आणि वरची त्याच्या उत्तरेच्या मकरान किनाऱ्याची," बाई म्हणाल्या आणि बोटाने पोळी आणखी आत ढकलली. "दिसतंय का? खालची वरचीच्या पोटात शिरतेय. पण वरचीची कड चिकटलीय. सुटत नाही. खालची तिला ओढत नेतेय आणि ती बिचारी वाकतेय. बघत राहा."

अख्खी पंगत माना वळवून बघत राहिली. गुरुजींनीसुद्धा वरणभात थांबवला. खालची पोळी सरकत गेली, वरची वाकत गेली आणि मग तिची कड एकदम सुटून टणकन वर आली. तिच्यावरचं साजूक तूप उडालं ते थेट माझ्या साडूच्या नव्या सदऱ्यावर.

"हे तूप म्हणजे समुद्र," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही किनारा."

मग दोन्ही पोळ्यांवर दूध ओतून त्यांनी मकरान खाऊन टाकलं. साडू अजून विचारतो, त्या बाई येणार असतील तर आधी सांगा, जुना शर्ट घालून येतो.

नेरुळला, पाम बीच रस्त्याच्या अलीकडे आमची अकरा मजली सोसायटी आहे. रेगेबाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. यजमान गेलेले, मुलगी नागपूरला. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात भूशास्त्र शिकवलं होतं. अंगाने इतक्या बारीक की लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभ्या असल्या तर लिफ्ट रिकामी वाटायची. आवाज मात्र शेवटच्या बाकासाठी घडवलेला. सुती साडी, पायात धावायचे बूट, आणि खांद्यावरच्या पिशवीत खडक फोडायचा हातोडा. निवृत्त झाल्यावर तो हातोडा त्यांनी नारळांच्या सेवेला लावला होता. सोसायटीत कुणीही नवी गाडी घेतली की नारळ बाईंकडे. एका घावात दोन वाट्या, आणि वर ऐकवायच्या, "बघा, भेगेची रेषा आधीच असते. आपण फक्त निमित्त."

त्यांचं एक पालुपद होतं: "वरचं सांगू नका, तळाला काय झालं ते सांगा." तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत चपलांच्या रॅकवरून बोलणं बंद झालं होतं. सेक्रेटरी तांबे साहेबांनी मीटिंगवर मीटिंग घेतल्या, रॅकची मापं काढली, दोघांना पत्रं दिली. रेगेबाई एका दुपारी दोन्ही घरी चहा पिऊन आल्या आणि म्हणाल्या, "रॅकचं काही नाही. दिवाळीला यांनी फराळ पाठवला, त्यांनी डबा रिकामा परत केला. तिथे अडकलंय." दुसऱ्या दिवशी त्या डब्यातून चार बेसनाचे लाडू गेले आणि रॅक आहे तिथेच राहिली.

पण बाईंचा खरा जीव त्सुनामीत. आणि खरा राग 'मोठी लाट' या शब्दांवर. कुणी म्हणालं, त्सुनामी म्हणजे मोठी लाट, की बाई हातातलं काम सोडायच्या.

"लाट वाऱ्याची असते. ती समुद्राच्या अंगावरचा शहारा. खाली चार हात गेलात तर माशाला पत्ताही नसतो. त्सुनामीत तळ उचलला जातो. तळ उचलला की त्याच्यावरचं सगळं पाणी, तळापासून माथ्यापर्यंतचं, अख्खंच्या अख्खं उचललं जातं. मग ते खाली बसणार कुठे? दोन्ही बाजूंना पळतं. भर समुद्रात बोटीतल्या माणसाला कळतही नाही, इतकं हलकेच पायाखालून जातं. पण वेग विमानाचा. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की पुढचं पाणी अडखळतं, मागचं येऊन त्याच्यावर चढतं, आणि मग तुम्ही त्याला लाट म्हणता."

हे ऐकवताना त्या हातातल्या पिशवीसकट सगळं उचलून दाखवायच्या. भाजी घेऊन आलेल्या असल्या तर तेवढा वेळ टोमॅटो सांभाळायचं काम ऐकणाऱ्याचं.

रविवारी सकाळी बाई मासळी घ्यायला सारसोळ्याच्या जेट्टीवर जायच्या. एकदा मीही बरोबर गेलो. त्यांची ठरलेली कोळीण चांगुणाबाई. दोघींचं भांडण बघायला आजूबाजूच्या पाट्यांवरचं गिऱ्हाईकसुद्धा थांबायचं. त्या दिवशी बाईंनी बोंबलाची जुडी हातात घेऊन समुद्राखालच्या दरडीची गोष्ट सुरू केली. समुद्राच्या तळालाही डोंगर असतात, उतार असतात, नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे ढीग असतात, आणि धक्का बसला की ते ढीग घाटातल्या दरडीसारखे खाली येतात. ज्वालामुखीचा अर्धा डोंगर समुद्रात कोसळला तरी तेच. पाण्याला कुणी हलवलं याच्याशी मतलब नाही, अचानक आणि खूप हलवलं याच्याशी आहे.

चांगुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाय," त्या म्हणाल्या, "तुजी धरती हालंल तवा हालंल. बोंबील घेतंस का ठेवतंस? जुडी हलवून हलवून त्यांचा जीव परत आनशील."

"घेते. पण कालचे दिसतायत."

"कालची तू. बोंबील आजचा हाय."

बाई इतक्या हसल्या की पैसे देताना नोट हातातून निसटून चिखलात पडली. वाटेत मला म्हणाल्या, "वर्गात अशी एक जरी मुलगी असती ना, तर शिकवायला मजा आली असती. माझ्या मुली नुसतं लिहून घ्यायच्या. 'भूकंपामुळे त्सुनामी येते.' परीक्षेत हेच, पूर्ण मार्क. अहो, सगळ्या भूकंपांनी कुठे येते? जमिनीचे तुकडे शेजारी शेजारी घासून गेले तर पाणी कशाला उचलेल? तळ वर-खाली व्हायला हवा. फळ्यावर किती लाटा काढल्या मी, खडू संपले. आता एकदा पाण्याची काढायचीय. लोकांनी डोळ्यांनी बघायला हवी."

ही ती गोष्ट. बाईंना आयुष्यात एवढंच एक करून दाखवायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये काचेची टाकी बांधायला घेतली.

टाकी पलंगाएवढी लांब आणि बाकाएवढी अरुंद. एका टोकाला तळाशी बिजागरीवर बसवलेला पत्रा, त्याच्याखाली दणकट स्प्रिंग, आणि पत्रा दाबून धरणारी कडी. कडीला सायकलच्या ब्रेकची तार. तार ओढली की कडी सुटणार आणि पत्रा उसळून वर येणार. दुसऱ्या टोकाला सिमेंटचा उतार, त्यावर काड्यापेट्यांच्या इमारती. बाईंनी प्रत्येक इमारतीला रंग दिला होता, आणि एकीवर अगदी बारीक अक्षरात आमच्या सोसायटीचं नाव घातलं होतं.

तांबे साहेबांना नेमकं तेच आवडलं नाही. साहेब मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी खात्यातून निवृत्त, आणि हॉलची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधणारे. तरीही सुरुवातीला त्यांनी परवानगी दिली होती. मग पहिल्यांदा पाणी भरलं त्या दिवशी टाकीचा सांधा सुटला. कॅरमबोर्ड भिजला, गणपतीचं मखर भिजलं, आणि हॉलच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेली सोसायटीची सतरंजी आठवडाभर गच्चीवर वाळत होती. बाईंनी सांधा पुन्हा भरला. दुसऱ्यांदा पाणी थांबलं, पण पत्रा अडकला. तिसऱ्यांदा पत्रा सुटला, पण इतका मंदपणे की काड्यापेट्यांना नुसत्या गुदगुल्या झाल्या.

शेवटी कमिटीने ठरवलं. होळीनंतरच्या रविवारी संध्याकाळी बाईंनी काय दाखवायचं ते दाखवावं. लोक आले आणि जमलं तर पुढचं पुढे बघू. नाहीतर सोमवारी सकाळी भंगारवाला.

"लोक येतील," बाई म्हणाल्या.

"बाई, एजीएमला येत नाहीत लोक," तांबे म्हणाले. "तिथे तर वडे असतात."

बाईंनी नोटीस लावली, ग्रुपवर टाकलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. रविवारी त्या मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून खाली आल्या. बूट तेच. वेफर्सचे पुडे, चहाचा थर्मास, आणि हॉलमध्ये रांगेत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. मी, माझी बायको आणि चहाच्या वासाने आलेले दोन आजोबा, एवढा प्रेक्षकवर्ग जमला. तांबे साहेब दारात किल्ली घेऊन उभे होते. बाई वरचेवर टाकीची काच पुसत होत्या. चकचकीत असलेली काच माणूस पुन्हा पुन्हा पुसायला लागला की त्याच्याकडे बघवत नाही.

आणि त्याच वेळी अकराव्या मजल्यावर नाडकर्णी वहिनी गॅलरीत कपडे काढायला आल्या.

खाडीचा नजारा हवा म्हणून वहिनींनी तो फ्लॅट घेतला होता, आणि घेतल्यापासून त्या गॅलरीत त्यांनी फक्त कपडे वाळत घातले होते. त्या दिवशी चादर काढताना पहिल्यांदा पडदा उघडल्यासारखं झालं आणि समोर खाडी दिसली. म्हणजे दिसली नाही. खारफुटीच्या पलीकडे पाणीच नव्हतं. लांबच लांब ओला, चमकणारा चिखल. सकाळपासून टीव्हीवर कुठल्यातरी दूरच्या देशातल्या भूकंपाची बातमी चालू होती, आणि त्याच दुपारी वहिनींनी फोनवर एक व्हिडिओ बघितला होता: त्सुनामीच्या आधी समुद्र मागे जातो.

वहिनींनी ग्रुपवर आवाज टाकला. "खाडीचं पाणी गेलंय. सगळं गेलंय. काहीतरी करा."

पुढची काही मिनिटं अकराही मजल्यांवरची माणसं आपापल्या गॅलरीत आली, बऱ्याच वर्षांनी खाडीकडे बघितलं, आणि सगळ्यांची खात्री पटली. कुणीतरी वॉचमनला फोन केला. वॉचमनला आगीच्या ड्रिलमध्ये जे शिकवलं होतं ते त्याने मनापासून केलं, जोरात शिट्टी फुंकली. आणि ड्रिलमध्ये शिकवल्याप्रमाणेच अख्खी सोसायटी लिफ्ट न वापरता, रांगेने, कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन जिन्याने खाली आली. कुणाच्या हातात लॅपटॉप, कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा. चौथ्या मजल्यावरच्या एकांनी कुकर आणला होता, कारण तिसरी शिट्टी व्हायची होती.

रेगेबाई हॉलच्या दारात आल्या. सगळं कंपाउंड माणसांनी भरलेलं. बाई खुर्चीवर चढल्या.

"काय झालं?"

"त्सुनामी येतेय," चारपाच जण एकदम म्हणाले. तांबे साहेब फायर ब्रिगेडचा नंबर शोधत होते.

"थांबा जरा. कुणाला धक्का जाणवला?"

"मला," नाडकर्णी वहिनी म्हणाल्या.

"कधी?"

"खाडी बघितली तेव्हा."

बाईंनी फोन काढला, सरकारी इशाऱ्यांचं पान उघडलं, नीट वाचलं, आणि तोच फोन तांबे साहेबांच्या हातात दिला. "वाचा मोठ्याने. काही इशारा आहे?"

"नाही," तांबे म्हणाले.

"भूकंप कुठे झालाय तेही वाचा. डोंगरात. समुद्रापासून कुठच्या कुठे. उचलायला पाणी तर हवं ना वर. आणि आज होळीनंतरची ओहोटी आहे, मोठी. पुनवेच्या आणि अमावास्येच्या आसपास पाणी असंच लांब जातं आणि असंच जवळ येतं. चंद्राचं काम. दर पंधरवड्याला करतो तो, तुमच्या गॅलरीसमोर. अर्ध्या-पाऊण तासाने बघा, परत फिरलेलं असेल."

लोकांनी सुस्कारे टाकले. पिशव्या खाली ठेवल्या गेल्या. सगळे आता वळून घरी जाणार, तेवढ्यात बाईंनी तो आवाज काढला, शेवटच्या बाकाचा.

"आता मला एक सांगा. येणारच असती, तर अकराव्या मजल्यावरून खाली कशाला आलात? तिला घ्यायला?"

कुकर उचलून धरलेल्या गृहस्थांनी तो हळूच पाठीमागे लपवला.

"ड्रिलमध्ये तसंच ठरलंय," तांबे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"ते आगीचं. आगीत खाली, पाण्यात वर. एवढंसुद्धा माहीत नसेल तर घरी जाऊन काय करणार आहात? आत या. दाखवते."

आणि मंडळी, लोक आत आले. खुर्च्या भरल्या, खिडक्या भरल्या, मखराच्या लाकडावर माणसं बसली. वेफर्स पहिल्या दोन रांगांतच संपले.

आधी बाईंनी टेबलफॅन लावला. पाण्यावर सुरेख लाटा उठल्या. तळाशी त्यांनी साबुदाणा पसरला होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हललाय?" साबुदाणा जागचा हलला नव्हता. "हा वारा. आता तळ." त्यांनी पंखा बंद केला, पाणी स्थिर होऊ दिलं, मध्यावर प्लास्टिकची होडी सोडली आणि तार ओढली.

काहीही झालं नाही.

पुन्हा ओढली. तार ताणली गेली, पत्रा हूं की चूं नाही. मागून कुणीतरी खोकलं. माझ्या बायकोने माझा दंड धरला. तांबे साहेब पुढे येऊन समजुतीने म्हणाले, "राहू द्या बाई. लोक आले, तेच खूप."

बाईंच्या कपाळावर घाम होता. त्यांनी टाकीत वाकून बघितलं, कडी चाचपली, आणि सरळ उभ्या राहिल्या तेव्हा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, उन्हाची तिरीप आत आली.

"अडकलंय," त्या म्हणाल्या. "अहो, अडकायलाच हवं. खरंही असंच असतं. समुद्राखाली जमिनीचा एक पट्टा दुसऱ्याच्या खाली घुसत असतो, वर्षानुवर्षं, नख वाढावं तसा. पण सांधा अडकलेला. वर समुद्र शांत, होड्या चालल्यायत, कुणाला काही कळत नाही. खाली ताण साठतोय. तांबे साहेब, या इकडे. तुम्ही व्हा खालचा पट्टा."

"मी?"

"धरा तार. ओढत राहा. सोडू नका."

साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तार ओढली. कडी वाकायला लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"साठतंय," बाई म्हणाल्या. हॉलमध्ये कुणी पापणी हलवत नव्हतं. "साठतंय. आणखी. वर बघा, पाणी शांत आहे. आणखी."

कडी फाडकन सुटली. पत्रा असा उसळला की टाकीचे पाय थरथरले. पाण्यावर बोटभर उंचीचा एक फुगवटा उठला, इतका साधा की मागच्या रांगेला दिसलाही नाही. होडी किंचित वर झाली, खाली झाली, आणि तो फुगवटा तिच्या खालून सरकत गेला. मग सिमेंटच्या उताराला पोचला. तिथे तो मंदावला, मागचं पाणी त्याच्यावर चढलं, आणि बघता बघता वीतभर उंच भिंत होऊन तो काड्यापेट्यांच्या सगळ्या नगरावरून गेला. टाकीच्या काठावरून उडालेलं पाणी पहिल्या रांगेच्या मांडीवर सांडलं. तळाचा साबुदाणा अर्ध्या टाकीत उधळला होता. सोसायटीचं नाव घातलेली काड्यापेटी तांबे साहेबांच्या खिशात जाऊन पडली होती.

मग ज्या टाळ्या वाजायला लागल्या, त्या गणपतीच्या आरतीलाही आमच्याकडे तशा कधी वाजल्या नव्हत्या. पोपट पिंजऱ्यात ओरडत होता. नाडकर्णी वहिनी भिजल्या साडीने उभ्या राहून विचारत होत्या, "पण मग पाणी आधी मागे का जातं?" आणि बाई आनंदाने थरथरत त्यांना सांगत होत्या की तळ एका बाजूला वर उसळतो तेव्हा दुसऱ्या बाजूला खचतो, खचलेली बाजू ज्या किनाऱ्याकडे असेल, तिथलं पाणी आधी ओढलं जातं.

"आपल्याकडे येईल का हो?" कुणीतरी विचारलं.

"तसा अडकलेला सांधा मकरानला आहे, वर, दूर," बाई म्हणाल्या. "कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. जो तारीख सांगेल तो थापा मारतोय. जमीन खूप वेळ हलली, किंवा सरकारी इशारा आला, तर वर जायचं. बघायला खाली यायचं नाही. एवढं पाठ करा."

तांबे साहेब खिशातली ओली काड्यापेटी बाहेर काढून बघत होते. शर्ट छातीला चिकटलेला, हातावर तारेचा वळ. मला वाटलं, आता सतरंजीचा विषय निघणार. साहेब बाईंच्या जवळ गेले, घसा साफ केला, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून एकदा ओढू का?"

त्या संध्याकाळी साहेबांनी सहा वेळा तरी ओढली. शेवटी त्यांच्या मिसेस येऊन त्यांना घेऊन गेल्या.

भंगारवाला सोमवारी आला तो नुसते वेफर्सचे पुठ्ठे घेऊन गेला. पुढच्या एजीएममध्ये साहेबांनी स्वतः ठराव मांडला की टाकी हॉलमध्येच राहील आणि ड्रिल दोन प्रकारची होतील. मग शेजारच्या सोसायटीने बोलावलं, मग बोनकोड्यातल्या एका शाळेने, मग कामोठ्याच्या दोन शाळांनी. बाईंनी टाकीला चाकं बसवली. मुलीने नागपूरला कायमचं यायचा आग्रह केला, तेव्हा बाईंनी निरोप पाठवला की माझ्या तारखा लागलेल्या आहेत.

पुढे मी कामासाठी पुण्याला गेलो आणि भेटी कमी झाल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते एका सकाळी, पाम बीच रस्त्यावरच्या सिग्नलला. माझ्या गाडीपुढे एक टेम्पो उभा होता. मागे दोरांनी बांधलेली ती लांब काचेची टाकी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी रेगेबाई. त्यांचे दोन्ही हात खिडकीच्या चौकटीत वरखाली होत होते. ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे तोंड वळवलं होतं. त्याने स्वतःचा एक तळहात दुसऱ्याच्या खाली घातला, आणि बाईंनी मान हलवून त्याचा हात आणखी आत ढकलला.

सिग्नल हिरवा झाला. टेम्पो हलला नाही. मागे हॉर्न सुरू झाले, एक, दोन, मग सगळा रस्ता. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, त्या लांबलचक रांगेकडे बघितलं, आणि प्रसन्न चेहऱ्याने आम्हा सगळ्यांना हाताने खुणावलं की जरा थांबा, एवढं होऊ दे. मी हॉर्नवरचा हात काढून घेतला.